गाडी झोपेपर्यंत

डोंबिवलीतली बरीच माणसं हौसेनं गाडी घेतात आणि कामाला लोकलनंच जातात. आठवडाभर गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. रविवारी टिटवाळ्याला निघायचं म्हणून चावी फिरवावी, तर सेल्फ नुसता टकटक करतो. त्यामुळे मानपाडा रोडला आमच्या धंद्यात रविवारी सकाळीच फोन सुरू होतात. "दादा, बॅटरी गेली, नवीन घेऊन या." बॅटरी टाकायला दहा मिनिटं लागतात आणि पैसेही सुटतात. पण ती का उतरली हे न बघता नवी टाकणं मला पटत नाही. बंद गाडीत कोणीतरी करंट खात असेल, तर ते नव्या बॅटरीलाही खाणार.

टॅक्सीत असा लीकेज असला तरी बहुतेकदा कळतच नाही. ती रोज पळते, रात्री गेलेलं ऑल्टरनेटर सकाळी भरून काढतो. दुखणं उघडं पडतं ते उभ्या गाडीत. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, तेव्हा तर धडधाकट गाड्याही जागच्या जागी बसल्या, कारण निरोगी गाडीसुद्धा बंद असताना थोडं खातेच. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघत बसलेलं लॉक, इंजिनाच्या कॉम्प्युटरची स्मृती. हे सगळं मिळून साधारण ५० मिलीअँपच्या आत असलं की माझी तक्रार नसते. पण ५० मिलीअँप म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास (एएच). छोट्या गाडीची ३५ एएचची बॅटरी त्यानं पंधरवड्यात अर्धी होते. ४०० मिलीअँप असेल तर चार दिवसांत खेळ संपला.

शिळ रोडच्या एका संकुलातल्या काकांची गाडी आठवते. निवृत्त माणूस, आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढणार. वर्षाच्या आत दुसरी बॅटरी बसली होती आणि तीही उतरली होती. "गाडी विकूनच टाकतो आता," म्हणाले. आवाजात खरंच वैताग होता. म्हटलं, काका, आधी मोजू द्या.

बॅटरी चार्ज करून घेतली. मायनसची केबल सोडवून मधे मीटर लावला, लाल वायर १० अँपिअरच्या भोकात. मीटर जोडेपर्यंत केबल टर्मिनलला टेकलेली ठेवायची आणि मगच उचलायची. जोड मधेच तुटला तर गाडीतले सगळे कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात. या अवस्थेत चावी चुकूनही फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवलं, पण त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून बसवलं, म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय. बोनेटचा स्विच असेल तर तोही दाबून ठेवायचा. विनाचावीची गाडी असेल तर रिमोट लांब नेऊन ठेवायचा.

आणि मग थांबायचं. माझ्या मते या कामातलं खरं कसब इथे आहे, आणि नव्या पोरांना तेच जड जातं. सुरुवातीला मीटर तीन-चार अँपिअर दाखवतो, पोरगं लगेच ओरडतं, "सापडलं!" काही सापडलेलं नसतं, गाडी अजून जागी असते. एकेक कॉम्प्युटर आपापल्या वेळेनं झोपतो. आकडा पायरी पायरीनं उतरतो, मधे काही मिनिटं अडकतो, पुन्हा उतरतो. कुठे वीस मिनिटं लागतात, कुठे चाळीस. तोवर दाराला हात लावायचा नाही, फ्यूज उपटायचा नाही. आकडा जिथे स्थिरावेल, तिथून शोध सुरू.

काकांच्या गाडीत तो ४१० मिलीअँपवर थांबला. ५ वॉटचा बल्ब साधारण इतकंच खातो, म्हणून आधी डिकीचा दिवा पाहिला. मोबाइलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला नि डिकी बंद केली. अंधार. काकांचा संशय काचेवरच्या फास्टॅगवर होता. त्याच्यात बॅटरी नसते, गाडीचा करंटही तो घेत नाही, टोलवरच्या यंत्राच्या लहरींवरच त्याचं काम भागतं.

मग फ्यूज न काढता प्रत्येकाच्या माथ्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना मीटरच्या सुया टेकवल्या. फ्यूजलाही थोडा रोध असतोच. त्यातून करंट वाहत असेल तर दोन टोकांत मिलीव्होल्टचा फरक पडतो. ओहमनं १८२७ साली मांडलेला नियम आमच्या हाताशी असा रोज येतो. सगळीकडे जवळपास शून्य, एका १० अँपिअरच्या फ्यूजवर मात्र तीनाच्या आसपास. त्यावर छताचा दिवा आणि बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ. स्टिरिओ ओढून काढला, तर मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळलेल्या. पिवळीला कायम करंट हवा, लालला फक्त चावी फिरवल्यावर. दोन्ही एकत्र केल्या की स्क्रीन काळी केली तरी आतला कॉम्प्युटर झोपत नाही. चावी काढल्यावरही गाणी वाजावीत म्हणून कोणीतरी हे केलं असणार. अशी जोडणी करणाऱ्याचा मला राग येतो, कारण त्याची किंमत दुसराच माणूस भरतो.

लाल वायर चावीच्या करंटवर घेतली, पुन्हा गाडी झोपू दिली. ३० मिलीअँप. बॅटरीचं मात्र नुकसान झालं होतं. शिसं-आम्लाची बॅटरी रिकामी पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं, आणि मग फुल चार्ज करूनही ती पहिल्याइतकं धरत नाही. काकांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, चालेल तोवर चालवतो.

पावसाळ्यात काम याहून अवघड. जोडणीत ओल शिरते, रिले चिकटतो, उंदरांनी वायर कुरतडलेली असते, आणि गिऱ्हाईक गाडी आणतं तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि मीटर निर्दोष आकडा दाखवतो. अशी गाडी मी रात्रभर ठेवून घेतो आणि सर्वात मोठा आकडा धरून ठेवणारा मीटर लावतो. सकाळी तो आकडा बघायचा आणि ओल वाळायच्या आत पायाखालचं कार्पेट उचलायचं.