येलहंक्याचे नाणे

वाचकहो, बंगळुरास जाण्याचा योग आला, तर उत्तरेकडील येलहंक्यासही सवडीने जाऊन यावे. आज ते महानगरातच सामावले आहे. जुना तलाव मात्र अजून आहे. बंगळूर वसविणारा केंपेगौडा हा येथील नाडप्रभू. विजयनगरच्या आज्ञेवाचून त्याने भैरेदेवाच्या नावाने नाणी पाडली व त्यापायी आनेगुंदीस पाच वर्षे बंदिवास भोगला, असे सांगतात. टांकसाळ हा राजाचा अधिकार. सामंताने तो घेणे म्हणजे बंडच!

या मुलखाचे चलन सोन्याचे, आपल्या बखरींतून भेटतो तोच होन. रुपया चांदीचा. सोने महागले की दोहोंचा भाव हलावयाचा आणि सराफाचे फावावयाचे. १७९९ च्या तहान्वये म्हैसूरने कंपनीस दरसाल ७ लक्ष होन द्यावयाचे ठरले. हे होन मद्रासेकडील, ज्यांस इंग्रज ‘स्टार पॅगोडा’ म्हणत. १८१८ साली मद्रास सरकारने रुपया हेच मुख्य नाणे केले आणि १०० होनांस ३५० रुपये हा भाव बांधून दिला.

म्हैसूरच्या खंडणीचा २४,५०,००० रुपये हा आकडा वाचताना मला नेहमी नवल वाटे. एवढ्या मोठ्या रकमेस ही पन्नास हजारांची शेपटी कशाला? आपणच गुणाकार करून पाहा : ७ लक्षांस साडेतीन! होन बाजारातून गेला, तरी खंडणीत तो रुपयाच्या वेषाने राहिला. आणि भरणा व्हावयाचा तो येलहंक्यासारख्या गावांतील रयतेच्या नाचणीतूनच. १८८१ साली ही रक्कम ३५ लक्ष ठरविण्यात आली. साडेतीनाने भागा, बरोबर १० लक्ष होन येतात. योगायोग असेलही.