दशांश चिन्हाआधी

पावसाळ्यात वाराणसीच्या घाटांवर रोज ज्या संख्येची चर्चा चालते ती दशांश अपूर्णांकात लिहिलेली असते. केंद्रीय जल आयोगाने येथे गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर आणि धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर ठरवली आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरातील महापुरात नदी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. हे मीटर नदीच्या तळापासून मोजलेले नसून समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे असतात. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा पहिला अंक मीटरचे दहावे भाग, दुसरा शंभरावे आणि तिसरा हजारावे भाग सांगतो, म्हणजे ७०.२६२ मधील २, ६ आणि २ हे अनुक्रमे डेसिमीटर, सेंटीमीटर आणि मिलिमीटर होत. आज राजा घाट म्हणून ओळखला जाणारा अमृतराव घाट याच नदीकाठी नारद घाटाच्या शेजारी आहे. रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याची दगडी बांधणी करून घेतली, आणि त्याच्या पायऱ्यांवर ही मिलिमीटरपर्यंतची मोजणी दरवर्षी प्रत्यक्ष चढताना व उतरताना दिसते.

शालेय गणितात ज्यांना शाब्दिक उदाहरणे म्हणतात, म्हणजे ज्यांत आकडेमोड आधी मांडून दिलेली नसते आणि व्यवहाराच्या वर्णनातून ती शोधून काढावी लागते, त्यांचा उत्तम नमुना येथे आयता मिळतो. नदी इशारा पातळीवर पोहोचली असून ती तासाला २ सेंटीमीटर या वेगाने वाढत असेल, तर धोक्याची पातळी गाठायला किती वेळ लागेल? दोन पातळ्यांतील अंतर बरोबर १ मीटर आहे आणि वेग तासाला ०.०२ मीटर आहे, म्हणून १ ला ०.०२ ने भागावे लागते. येथे ५, ५० आणि ५०० ही तीनही उत्तरे विद्यार्थ्यांच्या वहीत दिसू शकतात, आणि त्यांच्यात फरक असतो तो केवळ दशांश चिन्हाच्या जागेचा. मात्र पाच तास म्हणजे चौकी व सामान तत्काळ वर नेण्याची वेळ आहे आणि पन्नास तास म्हणजे दोन दिवसांहून अधिक अवकाश आहे, हे घाटावर चौकी मांडून बसणाऱ्या पुरोहिताला कोणी सांगावे लागत नाही. एका तासात दोन सेंटीमीटर, म्हणजे दहा तासांत वीस आणि शंभर सेंटीमीटरला पन्नास तास, असा हिशेब तो मनातच करतो, आणि उत्तराचा आवाका आधी ठाऊक असल्यामुळे दशांश चिन्ह कुठे पडले असते हा प्रश्नच त्याच्यापुढे उभा राहत नाही.

दशांशांच्या गुणाकार-भागाकाराचे खरे कौशल्य या आवाक्यात आहे. चिन्हाची जागा सांगणारे नियम खरे असले तरी ते नंतर येतात. उत्तर कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान असणार हे आधी ठरले पाहिजे. शिकवताना बहुधा याच्या उलट घडते. गुणाकाराचा धडा संपला की त्याच्याखाली गुणाकाराचीच शाब्दिक उदाहरणे येतात, भागाकाराच्या धड्याखाली भागाकाराची येतात, त्यामुळे मुलाला उदाहरण वाचण्याचे कारणच उरत नाही; त्यातील दोन संख्या उचलायच्या, धड्याच्या नावाची क्रिया करायची आणि दशांश स्थळे मोजून ठिपका द्यायचा एवढेच काम शिल्लक राहते. ही रचना बदलून दोन्ही प्रकारची उदाहरणे पहिल्या दिवसापासून मिसळून दिली पाहिजेत, मग त्यात आरंभी चुका जास्त झाल्या तरी चालेल, असे हे शिक्षण मनापासून देणाऱ्या कोणालाही वाटल्यावाचून राहणार नाही.

भागाकाराचा नेहमीचा नियम असा की भाजकात दशांश चिन्ह असेल तर भाज्य व भाजक या दोघांना १० ने, १०० ने किंवा १००० ने गुणून भाजक पूर्णांक करावा. नियम पाठ असतो, पण त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते, आणि ते कारण घाटाच्या पायऱ्यांवर सहज उलगडते. धोक्याच्या पातळीपासून १९७८ च्या पातळीपर्यंत २.६३९ मीटरचे अंतर आहे. प्रत्येक पायरी ०.२ मीटर उंच धरली, तर २.६३९ मीटरमध्ये ०.२ मीटर किती वेळा बसतात हा प्रश्न आणि २६.३९ डेसिमीटरमध्ये २ डेसिमीटर किती वेळा बसतात हा प्रश्न एकच आहे. चिन्ह उजवीकडे सरकवणे म्हणजे येथे केवळ माप बदलणे होय. पाणी तेवढेच राहते, पायरीही तेवढीच राहते आणि म्हणून भागाकारही तोच राहतो. तो १३.१९५ येतो. पण पायऱ्यांच्या प्रश्नाला १३.१९५ हे उत्तर होऊ शकत नाही, कारण तेरा पायऱ्या पुऱ्या बुडाल्यावर पाणी चौदावीच्या अंगाला लागलेले असते. सामान चौदाव्या पायरीवर ठेवावे की पंधराव्या, हे अपूर्णांकाचा अर्थ लावल्याशिवाय ठरत नाही, आणि तो अर्थ आकडेमोडीतून मिळत नसून प्रसंगातून मिळतो.

एकाहून लहान संख्येने गुणले की उत्तर लहान होते आणि तिनेच भागले की मोठे होते, ही गोष्ट पूर्णांकांवर वाढलेल्या मनाला फार काळ पटत नाही, कारण तोपर्यंत गुणणे म्हणजे वाढवणे आणि भागणे म्हणजे कमी करणे असाच अनुभव आलेला असतो. येथे अमृतरावांच्या दानधर्माचा आधार घेता येतो. १८२४ साली काशीत आलेल्या बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे की अमृतराव वर्षातून एका ठरावीक दिवशी येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्या-पांगळ्या माणसाला तांदळाची एक थाळी आणि एक रुपया देत, एकाने दोनदा घेऊ नये म्हणून दान घेतलेल्यांना दिवसभर बागेत बसवून ठेवले जाई, आणि अशा दिवशी वाटल्या गेलेल्या रकमेचा आकडा पन्नास हजार रुपयांच्या घरात सांगितला जाई. माणशी रुपया असल्यामुळे पन्नास हजार रुपये म्हणजे पन्नास हजार माणसे. आता थाळीत पाऊण शेर तांदूळ होता असे उदाहरणापुरते मानले, तर लागणारा तांदूळ ५०,००० × ०.७५ शेर इतका होईल. प्रत्येकाला पुरा शेर दिला असता तर ५०,००० शेर लागले असते आणि अर्धा दिला असता तर २५,०००. उत्तर या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे ३७,५०० शेर असणार, हे कागद हाती घेण्याआधीच ठरते. चाळीस शेरांचा मण या मापाने ते ९३७.५ मण, म्हणजे साडेनऊशे मणांपेक्षा थोडे कमी होते. हेच उलटून विचारले, की कोठीत ३०० शेर तांदूळ उरला आहे तर आणखी किती थाळ्या भरतील, तर ३०० ला ०.७५ ने भागावे लागते, आणि थाळी एका शेराहून लहान असल्यामुळे थाळ्यांची संख्या ३०० पेक्षा जास्त, पण अर्ध्या शेराहून मोठी असल्यामुळे ६०० पेक्षा कमी असणार हे उघड आहे. त्या ४०० भरतात. वाढणाऱ्याच्या हातातील माप डोळ्यापुढे असेल तर भागून संख्या वाढली याचे नवल वाटत नाही.

मराठी माणसाने हा आवाका पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवला होता. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे होत. त्यांतील औट म्हणजे साडेतीन. मोडी दप्तरांतही संख्येपुढे उभ्या रेघा देऊन पाव, अर्धा आणि पाऊण दाखवण्याची पद्धत होती, त्यामुळे १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड आणि १॥। म्हणजे पावणेदोन असे वाचले जाई. धान्याची मापेही याच चालीची होती: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची पायली. दशमान पद्धत दहाने भागत जाते, तर ही जुनी व्यवस्था दोनने भागत जाते, आणि धान्याचा ढीग डोळ्याने निम्मा करणे हाताला जितके सोपे आहे तितके त्याचे दहा भाग करणे सोपे नाही.

म्हणून पाऊण किलो पेढ्यांची किंमत काढताना, किलोला ४८० रुपये भाव असेल तर, ४८० ला ०.७५ ने गुणण्यापेक्षा ४८० तून त्याचा पाव भाग म्हणजे १२० वजा करणे अधिक शहाणपणाचे ठरते आणि ३६० हे उत्तर क्षणात मिळते. तथापि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.७३५ असा आकडा उमटला की पाउणकी तेथे थांबते. ०.७३५ चा पाढा कोणी म्हणत नाही. तेथे ४८० × ७३५ करून तीन दशांश स्थळे सोडावी लागतात आणि ३५२.८ रुपये हे उत्तर मिळते. परंतु ते ३५.२८ नाही आणि ३,५२८ ही नाही, याची खात्री देणारी गोष्ट पाऊण हीच राहते: वजन पाऊण किलोहून किंचित कमी आहे, म्हणून किंमत ३६० हून किंचित कमी आली पाहिजे. पाढे शाळेतून गेले तेव्हा आकडेमोडीचे फारसे नुकसान झाले नाही, कारण ते काम यंत्रे करू लागली. नुकसान झाले ते या अंदाजाचे, आणि ते भरून काढण्यासाठी पाउणकी आणि ०.७५ ही एकाच तासाला, एकाच फळ्यावर शिकवली जावीत.

काशीतील गणिताच्या परंपरेत महाराष्ट्रातून गेलेल्या घराण्यांचा वाटा मोठा आहे. गोदावरीकाठच्या गोलग्रामाहून आलेल्या घराण्यातील कमलाकराने १६५८ साली येथेच ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पूर्ण केला, विदर्भातून आलेल्या घराण्यातील मुनीश्वराने भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली, आणि पुढे नागपूरच्या मराठी शाळेत शिकलेले बापूदेव शास्त्री १८४२ पासून काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणित शिकवू लागले. ‘लीलावती’ ११५० च्या सुमारास रचली गेली आणि तिच्यात दशांश चिन्ह नाही, तरी दर, भाव आणि वाटणी यांच्या उदाहरणांसाठी तिने दिलेली त्रैराशिकाची रीत आजही तितकीच कामाची आहे. त्रैराशिकात तीन राशी माहीत असतात: प्रमाण म्हणजे ज्याचा भाव दिलेला आहे ते माप, फल म्हणजे तो भाव, आणि इच्छा म्हणजे जितके हवे ते माप. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की इच्छाफल, म्हणजे हवे ते उत्तर, मिळते. वरील पेढ्यांच्या उदाहरणात प्रमाण १ किलो, फल ४८० रुपये आणि इच्छा ०.७३५ किलो. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या राशी असल्या पाहिजेत, हा या रीतीतील आग्रह फार मोलाचा आहे, कारण दशांशांच्या उदाहरणांतील पुष्कळ चुका आकडेमोडीच्या नसतात. एक माप किलोत आणि दुसरे ग्रॅममध्ये, किंवा एक मीटरमध्ये आणि दुसरे सेंटीमीटरमध्ये राहून गेलेले असते.

दशांशांची मर्यादाही याच घाटाच्या इतिहासातून दाखवता येते. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीशी झालेल्या कराराने अमृतरावांना वर्षाला सात लाख रुपयांचा तनखा मिळाला. त्याची महिन्याची रक्कम काढण्यासाठी ७,००,००० ला १२ ने भागले तर ५८,३३३.३३३... अशी कधीही न संपणारी दशांश संख्या येते, कारण दहाचे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच आहेत आणि भाजकात ३ उरला की दशांशांची ओळ संपत नाही. त्या काळच्या कारकुनाला मात्र ही अडचण नव्हती. रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, आणि १९२ ला ३ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे एक तृतीयांश रुपया म्हणजे बरोबर ५ आणे ४ पै, बाकी शून्य. घड्याळाच्या साठ मिनिटांतही हाच गुण आहे. नदी तासाला ३ सेंटीमीटरने वाढत असेल तर १ मीटरला ३३.३३३... तास लागतात, पण घड्याळाने ते बरोबर ३३ तास २० मिनिटे होतात, आणि हे न जाणणारा विद्यार्थी ३३.३३ तासांचे ३३ तास ३३ मिनिटे करून मोकळा होतो.

१ एप्रिल १९५७ पासून भारतात रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि त्याने रोजच्या हिशेबाचे ओझे फार हलके झाले यात शंका नाही. दर, कर आणि व्याज यांसाठी आता एकच पद्धत पुरते. पण जुनी नाणी चालू असेपर्यंत दोन पद्धतींची सांधेजोड करणे भाग होते, आणि एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे हा आकडा कोणत्याही नाण्यात देता येत नव्हता. अर्ध्या पैशापर्यंतचा भाग सोडावा आणि त्याहून जास्त असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरावा, असा नियम ठरला. त्यानुसार एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२.५ ऐवजी १२, तीन आण्यांचे १८.७५ ऐवजी १९ आणि चार आण्यांचे पुरे २५ पैसे होत. सोळा आणे एकेक करून बदलले तर ९६ पैसेच हाती पडत, आणि तेच चार-चार आणे एकत्र करून बदलले तर पुरा रुपया मिळे. म्हणून आकडा पूर्ण करण्याचा नियम प्रत्येक नाण्याला लावायचा की सगळ्या बेरजेला एकदाच, हे गल्ल्यावरच्या माणसाला व्यवहार करण्यापूर्वी ठरवावे लागे.