श्वास मोजताना

टीपीआर चार्टवर सगळ्यांत खोटा आकडा श्वासाचा असतो. नाडी, ताप, बीपी आम्ही नर्स मोजतो. श्वास मात्र पुष्कळदा नजरअंदाजाने ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिला जातो. छातीला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत हा अंदाज जिवावर बेततो.

गाडीवरून पडलेला, आंब्याच्या झाडावरून कोसळलेला किंवा बैलाने शिंग मारलेला माणूस कॅज्युअल्टीत आला, की मी आधी सदरा कापते. पायांकडे उभी राहून बघते, दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का. शेजारशेजारच्या तीन किंवा जास्त बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या असतील, तर तेवढा भाग श्वास घेताना आत जातो आणि सोडताना बाहेर येतो. मग हात ठेवायचा. फुप्फुसातली हवा कातडीखाली शिरली असेल तर ती बोटांखाली कुरकुरते.

बोटाच्या प्रोबवर भिस्त ठेवू नये. ऑक्सिजनचं सॅच्युरेशन घसरायच्या आधी श्वास वाढलेला असतो. एका बाजूला हवेचा आवाज नाही, नाडी पळतेय, बीपी उतरतंय, मानेच्या शिरा फुगल्यात, अशा वेळी एक्स-रेची वाट पाहत नाहीत. डॉक्टरांना हाक मारून छातीत कोंडलेली हवा काढायला जाड सुई त्यांच्या हाती द्यायची. आणि रक्त खूप गेलं असेल तर शिरा फुगतच नाहीत, म्हणून त्या दिसल्या नाहीत यावर निर्धास्त होऊ नये.

छातीत नळी घालून ती पाण्याच्या बाटलीला जोडली, की पुढचं काम आमचं. बाटलीतल्या नळीचं टोक पाण्याखाली दोन सेंटीमीटर हवं. श्वासाबरोबर पाणी वरखाली व्हायचं थांबलं, तर फुप्फुस पुरतं फुगलं की नळी कुठे दुमडली, हे पेशंटजवळ जाऊन बघावं लागतं. बाटलीवर चिकटपट्टी लावून मी दर तासाला खूण करते. एकदम दीड लिटर रक्त आलं, किंवा तासाला २०० मिलि येतच राहिलं, तर छाती उघडायची वेळ आलेली असू शकते. खुणा नसतील तर सर्जनला सांगणार काय?

‘सिस्टर, खोकायला नका सांगू,’ असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाबांची मला जास्त काळजी वाटते. दुखतं म्हणून ते उथळ श्वास घेतात, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. त्यांचं वेदनाशामक वेळेवर देणं हाच उपचार आहे. ते दिल्यावर उशी छातीशी धरून खोकायला लावते.

एक्स-रेला नेताना मात्र, वॉर्डबॉय असोत की नातेवाईक, सर्वांना विनंती: बाटली छातीच्या खालीच धरा, आणि नळीला चिमटा लावू नका.