सातपुड्यातील सालई

भुसावळहून खंडव्याकडे रेल्वेने निघालात, तर बऱ्हाणपूर मागे पडल्यावर खिडकीबाहेर पाहा. माघ-फाल्गुनात मुरमाड उतारांवर पाने गळालेली, राखी-हिरवट सालीची झाडे दिसतात. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. हीच सालई. वाटेतल्या नेपानगरची वर्तमानपत्री कागदाची गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केली. ती उभी राहिली सालई आणि बांबूच्या भरवशावर. पण मला विचाराल, तर या झाडाचे खरे मोल लाकडात नाही, चिकात आहे.

साल खरवडली की सोनेरी चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. निखाऱ्यावर एक खडा टाका, सारे घर दरवळते. आयुर्वेदात झाडाला शल्लकी व चिकाला कुंदुरू म्हणतात. सांधेदुखीवर तो फार पूर्वीपासून वापरात आहे. (औषध म्हणून घ्यायचा तर आधी वैद्यांना विचारा.) त्यातून निघणारे तेल टर्पेंटाइनऐवजी रंग-रोगणात चालते. हत्ती हे झाड आवडीने खातो, म्हणून गजभक्ष्या हे त्याचे आणखी एक नाव.

चीक हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत काढतात, आणि घात होतो तो इथेच. जादा चिकाच्या लोभाने कुऱ्हाड आतल्या लाकडापर्यंत गेली, की जखमेत कीड-बुरशी शिरते आणि झाड उभेच वाळते. म्हणून सालीचा वरचा थरच काढावा, कोवळ्या झाडाला हात लावू नये, चीक घेतलेल्या झाडाला काही वर्षे विसावा द्यावा.

तुमच्या माळरानावर सालई हवी असेल, तर बियांच्या मागे लागू नका. पावसाआधी मनगटाएवढी फांदी तोडून रोवा, ती फुटते.