न निघालेलें पित्ताशय

शुद्धीवर येतांच आम्हीं पहिला प्रश्न विचारला तो हा : "खडे कोठें आहेत?" वळसंगास आमच्या आळींत एका गृहस्थांनीं आपले पित्तखडे काचेच्या बाटलींत जपून ठेविले आहेत, व आल्यागेल्यास चहाबरोबर ते दाखविण्याचा त्यांचा परिपाठ आहे. आपलीहि तशी एक बाटली असावी अशी आमची सुप्त इच्छा होती. परंतु कुटुंबानें आमच्या कपाळावर नुसता हात ठेविला, तेव्हां बाटली रिकामी राहणार हें आम्हीं ताडलें.

सायंकाळीं डॉक्टर आले व खुर्ची ओढून बसले. दुर्बीण घालून पाहतां पित्ताशय सुजून आंतड्यास असें चिकटलें होतें कीं, कॅलोच्या त्रिकोणांत कोणती नळी कोणती हें ओळखूं येईना. चुकून मुख्य पित्तनलिका कापली गेली असती, तर जन्माचें दुखणें पदरीं आलें असतें. म्हणून पू निघून जावा एवढ्यापुरती एक नळी पित्ताशयांत ठेवून त्यांनीं टाके घातले. दोन-अडीच महिन्यांनीं पुन्हां पाहूं, असें ते म्हणाले.

खरें सांगावयाचें तर आम्हांस त्यांचा रागच आला. १८८२ सालीं बर्लिनमध्यें लांगेनबुखनें पहिलें पित्ताशय काढलें. १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनीं तें दुर्बिणीनें काढून दाखविलें. मग आमचेंच तेवढें कां अडावें? पुढें चिरंजीवांनीं वाचून दाखविलें कीं, १८६७ सालीं इंडियानापोलिसच्या बॉब्सनें एका बाईच्या पित्ताशयांतील खडे काढून तें तसेंच शिवून आंत ठेविलें, व ती पुढें पुष्कळ वर्षें जगली. तेवढ्यानें राग थोडा निवळला.

घरीं आल्यावर मात्र निराळीच पंचाईत उभी राहिली. "झालं का ऑपरेशन?" या प्रश्नास होय म्हणावें तर खोटें, नाहीं म्हणावें तर पोटावर टाके! उपरण्याखालीं नळीची पिशवी लपवून आम्ही हवापाण्याच्या गोष्टी काढीत असूं. त्यांतच तेलातुपास बंदी. सोलापूर जिल्ह्यांत राहून शेंगांच्या चटणीवांचून भाकरी खाणें ही काय शिक्षा आहे, हें परमुलुखांतल्या वाचकांस कळावयाचें नाहीं.

तरुणपणीं मागावर काम केलेली शेजारची म्हातारी एवढी मात्र चौकशी करीत बसली नाहीं. ती म्हणाली, "अण्णा, सूत गुंतलं की हिसका देऊ नये. तसंच ठेवावं बाजूला."

दिवस जातो, रात्र कठीण. कूस बदलतांना नळी ओढली जाते, आणि पुन्हां त्या टेबलावर निजावयाचें आहे हें आठवतें. दुसऱ्या खेपेसहि थांबावें लागलें तर? हा प्रश्न आम्हीं उघड विचारलेला नाहीं. कुटुंब रोज सकाळीं पिशवींतील पित्त मोजून वहींत आंकडा लिहितें, तो शाईनें. काल तिनें भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या तारखेभोंवतीं वर्तुळ काढलें, तें पेन्सिलीनें.