बॅटरी बदलायची राहिली

सेगाचा सॅटर्न हा कन्सोल अमेरिकेत आपटला, आणि त्याचे रोल-प्लेइंग गेम (आरपीजी) आज एवढे महाग का, याचं उत्तर त्या अपयशातच आहे. मे १९९५ मध्ये, जाहीर केलेल्या तारखेच्या जवळजवळ चार महिने आधी, सेगाने तो अचानक दुकानांत आणला. किंमत ३९९ डॉलर. सप्टेंबरात सोनीचं प्लेस्टेशन २९९ डॉलरला आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. जपानात सॅटर्न चांगला खपत होता, त्यामुळे तिथे त्याच्यासाठी आरपीजी निघत राहिले. इंग्रजीत त्यातले मोजकेच आले. त्यातलेही सरस गेम आले १९९८ मध्ये, दुकानदार सॅटर्नचा माल मिळेल त्या भावात काढून टाकत होते तेव्हा. ‘पान्झर ड्रगून सागा’, ‘शायनिंग फोर्स ३’, ‘मॅजिक नाइट रेअर्थ’ हे तिन्ही त्याच वर्षीचे. घेणारेच उरले नव्हते म्हणून प्रती कमी निघाल्या. प्रती कमी, म्हणून आज पान्झर ड्रगून सागाच्या चारही डिस्क आणि पुस्तिका धड असलेल्या संचाला हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. कुठला गेम किती दुर्मिळ, कुठल्या वर्षी त्याचा भाव कुठे होता, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. खेळायला मात्र मी केव्हाच विसरलो होतो.

सुरुवात खेळण्यातूनच झाली होती. १९९८ मध्ये मी ओहायोत एमएस करत होतो आणि सांगलीच्या एका मित्राबरोबर एका खोलीत राहत होतो. दुकान सॅटर्नची फळी रिकामी करत होतं, तिथून आम्ही दोघांत मिळून कन्सोल आणि शायनिंग फोर्स ३ घेतला. त्या हिवाळ्यात बर्फामुळे बाहेर पडायची सोयच नव्हती. चौकटींच्या पटावर आपलं सैन्य पुढे सरकवायचं, एक चाल आपली, एक शत्रूची. मित्र प्रत्येक चालीआधी वाद घालायचा. दांतारेसला पुढे काढायचं की मास्क्युरिनला मागून जादू वापरू द्यायची, यावरून आमचा भात थंड व्हायचा. या गेममध्ये शेजारी उभं राहून लढणाऱ्या दोन पात्रांची मैत्री वाढत जाते आणि तिचं बळ पुढच्या लढाईत मिळतं. त्यामुळे आमच्या सैन्यात कोणाची कोणाशी किती मैत्री झाली, हे आम्ही दोघांनी त्या हिवाळ्यात कसं खेळलं त्यावर ठरलं होतं. तसं सैन्य दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं.

ते सगळं सेव्ह व्हायचं कन्सोलच्या आतल्या मेमरीत. अवघी ३२ किलोबाइट. वीज नसताना ती जिवंत राहते ती सीआर २०३२ या बटणाएवढ्या बॅटरीवर. कन्सोलच्या मागच्या बाजूला एक झाकण असतं, ते उघडलं की ती दिसते. दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, आणि बदलताना कन्सोल चालू ठेवला तर आतलं काही पुसलं जात नाही. खर्च चार डॉलर. शिक्षण संपल्यावर मित्र भारतात परतला, कन्सोल माझ्याकडे राहिला, आणि पुढची कित्येक वर्षं मी ती बॅटरी न चुकता बदलत होतो.

न्यू जर्सीत नोकरी, लग्न, घर हे सगळं झाल्यावर हातात पैसे खेळू लागले तेव्हा मी सॅटर्नचे बाकीचे आरपीजी शोधायला लागलो. पहिली ओढ पान्झर ड्रगून सागाची, आणि ती ओढ खोटी नव्हती. विद्यार्थी असताना तो परवडला नव्हता. त्यातली लढाई मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही: तुम्ही ड्रॅगनवर बसून शत्रूभोवती घिरट्या घालता, कुठल्या बाजूने धोका आणि कुठून त्याचं मर्म उघडं हे हेरता, आणि हल्ल्याची पट्टी भरेपर्यंत थांबायचं की नाही हे ठरवता. त्या जगासाठी बनवणाऱ्यांनी स्वतंत्र भाषासुद्धा रचली होती. सेगाने तो पुन्हा कधी काढला नाही. एवढ्यासाठी कुणी जास्त पैसे मोजले तर त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

पण तो घेताना मी काय केलं ते सांगायला हवं. विकणाऱ्याने फोटो टाकले होते. पहिल्या तीन डिस्कची चकचकीत बाजू दाखवली होती, चौथीची फक्त छापील बाजू. खाली लिहिलं होतं, ‘आहे तसा’. हे मला दिसलं. चौथीचा मागचा फोटो मागावा असं मनातही आलं. पण विचारपूस करेपर्यंत दुसरा कुणी उचलेल या धास्तीने मी पैसे भरून मोकळा झालो. पार्सल आलं त्या रात्री चौथी डिस्क टेबलाच्या दिव्यासमोर धरली. आतला धातूचा थर ठिकठिकाणी विरला होता आणि सुईने टोचल्यासारखे प्रकाशाचे बारीक ठिपके आरपार दिसत होते. गेम शेवटाकडे आला की अडकायचा. विकणाऱ्याला दोष देण्यासारखं काही नव्हतं, त्याने काहीच लपवलं नव्हतं. पुढे चौथी डिस्क सुटी मिळाली, तेव्हा तिच्यासाठी मूळ संचाच्या जवळजवळ निम्मी रक्कम मोजली.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण एका गेमचा शोध संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा, आणि हळूहळू मला गेमऐवजी यादी पुरी करायचा ध्यास लागला. ‘मिस्टारिया’ नावाचा एक गेम सॅटर्नवर आला आणि तोच पुढे ‘ब्लेझिंग हीरोज’ या नावाने पुन्हा निघाला. आत तेच सगळं. मी दोन्ही घेतले, कारण यादीत दोन ओळी होत्या. मग सीलबंद प्रतींचा नाद लागला. खेळायला एक प्रत असताना तीच सीलबंद घ्यायची, का, तर उद्या भाव वाढेल. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख डॉलरच्या वर गेली तेव्हा मला वाटलं, बघा, मी बरोबर होतो.

पार्सलं मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवत असे. घरी काही दिसलंच आणि बायकोने विचारलं, “हे केवढ्याला रे?” तर मी शेवटचं शून्य गाळून सांगायचो. चारशेचे चाळीस. तिने कधी उलट विचारलं नाही. ती विश्वास ठेवत होती, आणि मी तो वापरत होतो.

सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या तारखेला आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. आमच्या तळघरात गुडघाभर पाणी शिरलं. सीलबंद गेम मी सर्वांत खालच्या फळीवर ठेवले होते, तिथे ऊन लागत नाही म्हणून. वेष्टनाच्या प्लास्टिकला हवेसाठी बारीक भोकं असतात. पाणी तिथून आत गेलं. ‘ड्रॅगन फोर्स’ची पुस्तिका फुगून डबीचा प्लास्टिकचा काठ तडकला होता आणि वरचं वेष्टन मात्र तसंच ताणलेलं, कुठेही न फाटलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नुकसानीची यादी करायला बसलो. बायको लॅपटॉपवर टाइप करत होती, मी सांगत होतो. वॉटर हीटर, ड्रायर, गालिचा. मग गेम आले. खरा आकडा लिहायचा तर तिला कळणार, खोटा लिहायचा तर यादीला अर्थ नाही. मी खरे आकडे सांगितले. तिने चार-पाच नोंदी गुपचूप टाइप केल्या आणि मग एका तारखेवर थांबली.

“याच महिन्यात दादांचा फोन आला होता ना? साताऱ्याच्या घराच्या छपरासाठी?”

आला होता. दादाने आयुष्यात एकदाच माझ्याकडे पैसे मागितले होते, आणि मी म्हणालो होतो की सध्या जरा ओढाताण आहे, पुढच्या वर्षी बघू. दादाने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि पतपेढीतून कर्ज काढून छप्पर घातलं. मी त्या आठवड्यात शायनिंग फोर्स ३ ची सीलबंद प्रत घेतली होती. दोन्ही गोष्टी मला तेव्हाही ठाऊक होत्या, पण त्या शेजारी ठेवून मी कधी पाहिल्याच नव्हत्या. बायको रागावली नाही. तिने यादी पुरी केली, लॅपटॉप मिटला आणि तळघर पुसायला गेली. त्यानंतर बरेच महिने मी काहीही विकत आणलं की ती पावती मागायची. किराणा आणला तरी.

त्या पुढच्या उन्हाळ्यात सांगलीचा मित्र कामानिमित्त अमेरिकेत आला आणि आमच्याकडे उतरला. फोनवरच म्हणाला होता, “आपलं सैन्य आहे ना रे अजून?” मी म्हणालो, “आहे की.” खरंच तसं वाटत होतं मला.

जेवणं झाल्यावर माळ्यावरून कन्सोल काढला, जोडला, बटण दाबलं. पडद्यावर भाषा निवडायला सांगणारी पाटी आली. मग तारीख आणि वेळ भरायला सांगणारी. ज्याच्याकडे सॅटर्न आहे त्याला या दोन पाट्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. तरीही मी तारीख भरली, वेळ भरली आणि मेमरी उघडून पाहिली. रिकामी. मागचं झाकण उघडलं. बॅटरीच्या कडेला पांढरी पूड धरली होती. ती शेवटची कधी बदलली ते मला आठवेना. जेव्हापासून यादी पुरी करायच्या मागे लागलो तेव्हापासून कन्सोलला हातच लागला नव्हता, हे मात्र लख्ख आठवलं.

मित्र थोडा वेळ पडद्याकडे बघत बसला. “चालायचंच,” म्हणाला. मग उठून फळ्यांपाशी गेला, एकेक डबी काढून बघत राहिला आणि विचारलं, “यातले खेळलास किती?”

दोन, मी म्हणालो. त्यातला एक आपण मिळून खेळलेला.

तो काही बोलला नाही. मला त्या क्षणी जे वाटलं ते लाजेपेक्षा वेगळं होतं. फळ्यांवर जे होतं ते सगळं पैसे टाकले तर पुन्हा मिळालं असतं, पाण्यात गेलेलंसुद्धा. जे पुन्हा मिळणार नव्हतं ते आमचं सैन्य एवढंच होतं, आणि ते राखायला चार डॉलर आणि पाच मिनिटं लागत होती.

उरलेल्या सीलबंद प्रती मी त्या वर्षअखेर विकल्या. बाजाराचा ताप उतरायला लागला होता, घेतल्या त्या भावाला गेल्या नाहीत. आलेल्या पैशांतून दादाच्या कर्जाचे राहिलेले हप्ते भरले. दादा आधी नको म्हणाला, मग म्हणाला, “भर, पण मला उपकार केल्यासारखं वाटायला नको.” मी त्याला छपराच्या वेळचं खरं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि विषय बदलला. तेव्हापासून तो माझ्याकडे काही मागत नाही.

शायनिंग फोर्स ३ ची गोष्ट तीन भागांत आहे. इंग्रजीत फक्त पहिला आला, उरलेले दोन जपानातच राहिले. एका भागात घेतलेले निर्णय पुढच्या भागात उतरतात. चाहत्यांनी त्यांचं इंग्रजी भाषांतर केलं आहे. मी पहिला भाग नव्याने सुरू केला आहे, रविवारी सकाळी, आणि मित्र सांगलीहून व्हिडिओ कॉलवर चाली सांगतो. दांतारेसवरून वाद अजून होतो. बॅटरी बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, आणि प्रत्येक बैठकीनंतर सेव्ह वेगळ्या मेमरी कार्ट्रिजवर उतरवून घेतो. डब्यांतले फोमचे तुकडे काढून टाकले. ते वर्षांनुवर्षं डिस्कला लागून राहिले की विरतात आणि चिकटतात.

पान्झर ड्रगून सागा विकला नाही. तो अधिकृतपणे खेळायचा तर अजूनही जुनी डिस्क लागते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याने कुलपात ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. कुणी मागितला तर मी देतो, कन्सोलसकट. अट एकच घालतो, की चौथ्या डिस्कपर्यंत खेळून मगच परत आणायचा. सध्या तो ऑफिसातल्या एका मुलीकडे आहे आणि ती तिसऱ्या डिस्कवर पोचली आहे.