नाईटचं जेवण

‘नीट खा, टेन्शन कमी होईल’ हे वाक्य मला कायम मॅनेजमेंटच्या बाजूचं वाटत आलं. चाकणच्या एका कारखान्यात मी कामगारांच्या वतीनं कँटीन कमिटीवर आहे. टार्गेट चढतं, कंत्राटी पोरांच्या डोक्यावर ब्रेकची टांगती तलवार, मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता चुकत नाही. आणि आहारतज्ज्ञ येऊन सांगणार, बदाम खा. दुखणं कंपनीनं द्यायचं आणि पथ्य आम्ही पाळायचं! अशा व्याख्यानांतून मी उठून जायचो.

माझी लढाई वेगळी होती. १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ४६मुळे अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कँटीन आलं आणि त्याच्या कमिटीत कामगारांचे प्रतिनिधीही आले. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. म्हणून मी नाईटलाही दिवसासारखं पूर्ण जेवण मागितलं: पुरी, बटाट्याची भाजी, भात, वर गोड. ते मिळालं. पोरं खूश झाली.

पण लाईनवर वेगळंच दिसू लागलं. रात्री दोनला जेवून आलेला माणूस तीनला पेंगायचा, झोप घालवायला गोड चहा मारायचा आणि पाचला क्षुल्लक कारणावरून शेजारच्याच्या अंगावर जायचा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे पहाटे चारच्या चहाचा अंमल नऊलाही असतोच. त्यात बस तळेगाव चौकात अडकायची, वाटेत वडापाव व्हायचा, आणि घरी जाऊन नुसती कूस बदलणं. झोप नाही म्हणून चिडचिड, चिडचिड म्हणून पुन्हा चहा.

नंतर २०२२मधला एक प्रयोग वाचनात आला. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. काहींना दिवसा आणि रात्रीही जेवण, काहींना फक्त दिवसा. दिवसरात्र खाणाऱ्यांत उदासपणाची लक्षणं २६ टक्क्यांनी आणि चिंतेची १६ टक्क्यांनी वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांत वाढली नाहीत. एकोणीस माणसं म्हणजे काही आख्खी एमआयडीसी नव्हे. पण ताटात किती, यावरच मी भांडत होतो. ते किती वाजता, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आता मी कमिटीत उलटी मागणी करतो. रात्री दोनला हलकं द्या: मुगाची खिचडी, ताक, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे. अंगमेहनतीच्या कामात उपाशी ठेवणं जमणार नाही, पण पुरी-गुलाबजामही नको. यावर माझ्याच लोकांनी मला शिव्या घातल्या. ‘मिळवलेलं परत देणारा पुढारी’ हे तोंडावर ऐकलं.

त्यांच्या रागात एक खरा मुद्दा होता. घरून जेवून या, हे घर असणाऱ्याला सांगायचं. म्हाळुंगे-खराबवाडीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराकडे ना शेगडी, ना रांधणारं कुणी. मेसच्या डब्यात जे येईल ते त्याचं जेवण. त्याच्या ताटातलं मोठं जेवण काढायचं असेल, तर ते पाळी सुरू व्हायच्या आधी कंपनीनंच गरम वाढलं पाहिजे. त्यासाठी बस अर्धा तास आधी सुटायला हवी, आणि गाडं नेमकं तिथंच अडलंय.

भाकरी-ताकानं टार्गेट कमी होत नाही, हे माझं जुनं म्हणणं मी सोडलेलं नाही. बदललं ते एवढंच: खाण्याचा विषय मी कंपनीच्या व्याख्यानांवर सोडून दिला होता, तो आता आमच्या मागणीपत्रात आहे. टार्गेटच्या मागणीखाली, पण त्याच कागदावर.